तक्रारीला खूण नाही

समुद्रावर सुट्टीला गेलेल्या माणसाने किनाऱ्यावर पडून राहावं, असं माझं स्पष्ट मत आहे. समुद्र तिथूनही अख्खा दिसतो. पण आमच्या मेहुण्याला कुठलीही गोष्ट आतून पाहिल्याशिवाय चैन पडत नाही. त्याने सगळ्यांचं स्कूबाचं, म्हणजे सिलिंडर बांधून पाण्याखाली उतरायचं, बुकिंग परस्पर करून टाकलं आणि वर मलाच धीर दिला, "भाऊजी, आपण काही करायचं नसतं. इन्स्ट्रक्टर धरून नेतो." धरून नेतात ते फक्त पोलीस, असं मी तोवर समजत होतो.

आधी एक फॉर्म भरायचा होता. दमा आहे का, फिट येते का, हृदयाचा काही त्रास, कानाची शस्त्रक्रिया, सध्या सर्दी? मी आशेने वाचत गेलो. घरात वर्षभर तब्येतीची कुरकुर करणाऱ्या माणसाकडे ऐन वेळी कागदावर लिहिण्याजोगा एकही आजार निघू नये, यासारखी मानहानी नाही. शेवटी 'सर्दी'पाशी पेन टेकवलं. बायको मागून वाचतच होती. "अहो, निदान एक शिंक तरी देऊन दाखवा," ती म्हणाली. शिंक अशी मागून येत नाही. मी सही केली.

मग वेटसूट. हा निओप्रीनचा असतो, अंगाला घट्ट बसतो आणि आत शिरलेला पाण्याचा पातळ थर आपल्याच अंगाच्या उबेने गरम ठेवतो. कल्पना उत्तम आहे, फक्त ती माझ्या पोटापाशी येऊन थांबली. लहान अभ्र्यात मोठी उशी कोंबतात तसं दोन धडधाकट तरुणांनी मला त्यात कोंबलं. चेन पाठीला असते. म्हणजे ज्याचं अंग आत जायचं, त्याचा या कामात हात नसावा अशीच योजना. आणि एवढं झाल्यावर कळतं की निओप्रीन तरंगतं. त्यामुळे माणूस बुडत नाही. बुडत नाही म्हणून कमरेला शिशाचे तुकडे बांधतात. तुकड्यांनी जास्त बुडू नये म्हणून वरून हवा भरायचं जाकीट चढवतात. त्या जाकिटाच्या पाठीवर सिलिंडर. हे सगळं काढून ठेवलं असतं तर मी जितका तरंगलो असतो, साधारण तितकाच तरंगावा यासाठी हा खटाटोप चालला होता, पण हे ऐकायला कुणाला वेळ नव्हता.

सिलिंडरमध्ये ऑक्सिजन असतो, असं मला वाटत होतं. इन्स्ट्रक्टर म्हणाला, "नाही सर, साधी हवा. दाबून भरलेली." म्हणजे जी हवा मी सकाळपासून आयती घेत होतो, तीच आता पाठीवर वाहून न्यायची. शिवाय भरताना तिच्यातला ओलावा काढून टाकलेला असतो. चहूबाजूंनी पाणी आणि घशाला कोरड, हा अनुभव त्यामुळेच येतो. ही हवा तोंडापर्यंत आणणारा रेग्युलेटर १९४३ साली जाक कुस्तो आणि एमिल गान्यां या दोन फ्रेंच माणसांनी घडवला. त्यातला गान्यां इंजिनिअर. युद्धकाळात पेट्रोल मिळेना, तेव्हा मोटारी गॅसवर चालवायला त्याने जो व्हॉल्व्ह केला होता, त्यातूनच हा निघाला. मेहुण्याने हा इतिहास मला मी माउथपीस दातांत धरल्यावर सांगितला. "मोटारीच्या पार्टवर माझा जीव टांगलाय का?" हे मला विचारायचं होतं. निघाले ते फक्त बुडबुडे. माझ्या हालांना खरी सुरुवात इथे झाली.

कारण मी बोलणारा माणूस आहे. दुखणं सहन करायला माझी हरकत नसते, ते सविस्तर सांगता आलं पाहिजे एवढंच. स्कूबामध्ये नेमकी तीच सोय नाही. तोंडात रबर, नाक मास्कमध्ये कोंडलेलं, आणि संभाषणासाठी हाताच्या मोजक्या खुणा. अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल केला की 'ठीक'. तोच प्रश्न, तेच उत्तर. अंगठा खाली म्हणजे खाली चला, अंगठा वर म्हणजे वर चला. इथे त्याचा 'मस्त'शी काही संबंध नाही. पालथा पंजा डावीकडे-उजवीकडे हलवला की 'काहीतरी बिनसलंय', आणि मग काय बिनसलंय तिकडे बोट दाखवायचं. बस. 'तसा ठीक आहे, पण' याला खूण नाही. माझं निम्मं बोलणं 'पण'च्या पुढचं असतं.

कमरेएवढ्या पाण्यात, जिथे नुसतं उभं राहिलं की सगळे प्रश्न सुटतात, तिथे गुडघे टेकून सराव झाला. मास्कवर धुकं धरू नये म्हणून आतून थुंकी चोळायची असते. इन्स्ट्रक्टर "थुंका" म्हणाला तेव्हा मी आधी इकडेतिकडे पाहून घेतलं. नंतर श्वास. पाण्यात तोंड बुडालं की श्वास रोखायचा, हे शरीराला उपजत कळतं, आणि स्कूबाचा पहिला नियम असा की श्वास कधीही रोखायचा नाही. दहा मीटर खाली दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो. तिथे छातीत भरून घेतलेली हवा वर येताना फुगत दुप्पट होऊ पाहते आणि फुप्फुसं फाटू शकतात. हे ऐकल्यावर मी इतक्या निष्ठेने श्वास घेऊ लागलो की इन्स्ट्रक्टरने तळहात खाली-खाली करून 'सावकाश' अशी खूण केली. लोक म्हणतात पाण्याखाली शांतता असते. त्या लोकांच्या कानाशेजारून माझे बुडबुडे गेलेले नसावेत.

मग आम्ही खोल पाण्यात उतरलो. दोन-तीन मीटर गेलो असू आणि डावा कान ठणकायला लागला. वरच्या पाण्याचा दाब पडदा आत ढकलतो. तेव्हा नाक दाबून हलकेच फुंकायचं, म्हणजे आतून हवा जाऊन तोल साधतो. या क्रियेला अंतोनियो वाल्साल्वा या इटालियन शरीरशास्त्रज्ञाचं नाव आहे. १७०४ साली त्याने कानावर मोठा ग्रंथ लिहिला, आणि ही युक्ती त्याने सांगितली ती कानातला पू बाहेर काढण्यासाठी. (सुट्टीत ही माहिती मेहुण्याखेरीज कोणी देत नाही.) मी फुंकलं. उजवा कान उघडला. डावा, जो लहानपणापासूनच हट्टी आहे, तो नाही.

इन्स्ट्रक्टरने गोल करून विचारलं, 'ठीक?' मी पंजा हलवला, कानाकडे बोट दाखवलं, आणि तिथेच थांबायला हवं होतं खरं तर, पण माझ्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ होतं. हाच कान सर्दीत आधी धरतो, डॉक्टरांनी थेंब दिले होते, ते बायकोने आणायला नको म्हटलं. एवढं सगळं मी दोन्ही हातांनी सांगायचा प्रयत्न केला. 'बायको' दाखवण्यासाठी मी वळून तिच्याकडे बोट केलं, तर तिने शांतपणे 'ठीक' अशी खूण केली. इन्स्ट्रक्टरचं समाधान झालं. नाही म्हणायला त्याने मला थोडं वर घेतलं आणि पुन्हा फुंकायला लावलं. चूं असा आवाज होऊन डावा कानही उघडला. दुखणं गेलं, आणि मी अजून निम्म्यावरही आलो नव्हतो. अंगठा वर करून हा प्रकार कधीही संपवता आला असता. पण मुलगी बघत होती.

पुढचं मात्र खरंच सुंदर होतं, म्हणून लवकर सांगतो. समुद्रफूल नावाच्या प्राण्याच्या भुजांमधून क्लाउनफिश मासे डोकावत होते. हे सगळे जन्मतः नर असतात. कळपातली मोठी मादी गेली की तिच्या जागी नराचीच मादी होते. पाण्यात लाल रंग सगळ्यात आधी विरतो, त्यामुळे मेहुण्याची भडक लाल चड्डी तपकिरी आणि सभ्य दिसत होती. कुठेतरी टण्‌टण्‌ झालं. पाण्यात आवाज हवेच्या चौपटीहून वेगाने जातो, त्यामुळे तो कुठून आला ते कळत नाही. मी चारी दिशांना पाहिलं, इन्स्ट्रक्टर माझ्या शेजारीच सिलिंडरवर वाजवत होता. त्याने खडकातली एक फट दाखवली. आत मोरे ईल, सापासारखा लांबलचक मासा. माझ्याकडे बघून तोंड उघडत-मिटत होता. हा धमकावत नाही, कल्ल्यांवरून पाणी खेळवायला त्याला तसं करावं लागतं. तोंडाने श्वास घेणारे आम्ही दोघं समोरासमोर बराच वेळ होतो. तोही काही बोलला नाही.

वर आल्यावर माउथपीस निघालं आणि मी कानापासून सुरुवात केली. पण बोटीवर कुणाचं लक्ष नव्हतं. मेहुणा दोन्ही हात पसरून त्याने पाहिलेला मासा सांगत होता. मी त्याला थांबवलं. "पाण्यातून मास्कच्या काचेतून येताना प्रकाश वळतो. वस्तू असते त्यापेक्षा एक तृतीयांश मोठी दिसते. तुझ्या माशातला पाव भाग कमी कर." हात जवळ आले. मला बरं वाटलं, आणि मी माझा ईल सांगायला घेतला.

"मग यातलाही पाव कमी करायचा का?" बायकोने विचारलं.

मी म्हणालो, तो अर्धा खडकात होता. मी फक्त बाहेरचा सांगतोय.