तेव्हा ही गाडी कुठे होती?

आज दुपारी भाच्याने एक चित्रफीत पाठवली आणि खाली लिहिले, "मावशी, तुझी ती आवडती मालिका बघ, केवढ्या चुका!" 'स्टार ट्रेक' या अंतराळयानाच्या कथेच्या मूळ मालिकेतल्या गफलती एकामागोमाग दाखवायच्या, प्रत्येकीवर मागून हशा सोडायचा आणि पुढे सरकायचे, असा तो प्रकार आहे. मी तो शेवटपर्यंत पाहिला आणि संताप आवरेना म्हणून हे लिहायला बसले आहे. चुका काढल्याचे मला वाईट वाटलेले नाही, कारण त्या मालिकेतली पहिली चूक चाळीस वर्षांपूर्वीच निघाली होती आणि ती माझ्या वडिलांनी काढली होती.

ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी ही मालिका लागत असे. आमच्याकडे टीव्ही नव्हता, शेजारच्या काकूंकडे कृष्णधवल होता. बाबा बसगाड्यांच्या कार्यशाळेत मेकॅनिक होते आणि रात्री-अपरात्री घाटात बंद पडलेल्या गाडीवर जाणे हे त्यांचे काम होते. इंग्रजी संवाद त्यांना कळत नसत, म्हणून मी मला उमगेल तसे सांगत असे. 'द एनिमी विदिन' या भागात माणसांना क्षणात यानावरून ग्रहावर आणि परत पोचवणारे यंत्र, म्हणजे ट्रान्सपोर्टर, बिघडतो, कॅप्टन कर्कचे दोन कर्क होतात, आणि खाली ग्रहावर यानावरचा अधिकारी सुलू व त्याचे सोबती अडकून पडतात. रात्र चढत जाते, थंडी जीवघेणी होते, आणि ते बिचारे आपल्या शस्त्रांनी दगड तापवून ऊब घेत राहतात. तशा अवस्थेतही सुलू वर विचारतो की दोरी सोडून गरम कॉफीचे एखादे भांडे पाठवता येईल का. दोन कर्कांच्या झटापटीकडे बाबांचे लक्षच नव्हते, ते त्या खालच्या माणसांमध्ये गुंतले होते. पुढे काही आठवड्यांनी 'द गॅलिलिओ सेव्हन' हा भाग लागला, यानाच्या पोटातून शटल, म्हणजे ग्रहावर उतरू शकणारे छोटे यान, बाहेर पडले, आणि बशीत ओतलेला चहा ओठांशी नेता नेता बाबा थांबले. "मग त्या दिवशी ती पोरं गारठून मरायला टेकली होती, तेव्हा ही गाडी कुठं होती?"

त्या चित्रफितीतही हीच त्रुटी आहे, आणि अगदी सुरुवातीलाच आहे. पण तिथे सुलूचे नावसुद्धा घेतलेले नाही. थंडीत कोणी कुडकुडत होते याची त्या हसणाऱ्यांना दखलच नाही. मला सगळ्यात जास्त चीड याची आली.

बाकीच्या गफलती तर आम्ही चाहत्यांनी कधीच्याच पाठ केलेल्या आहेत. सुरुवातीच्या एका भागात थडग्याच्या दगडावर 'जेम्स आर. कर्क' असे कोरलेले दिसते आणि पुढे तो कायमचा जेम्स टी. कर्क होतो. 'स्पेस सीड' या भागात खलनायक खान 1990च्या दशकातला असून दोनशे वर्षे झोपला होता असे सांगतात, म्हणजे मालिकेचा काळ बाविसाव्या शतकाचा ठरतो, आणि 'द स्क्वायर ऑफ गोथोस'मधल्या नऊशे प्रकाशवर्षांवरून दिसणाऱ्या जुन्या पृथ्वीचा हिशेब लावला तर तेच यान सत्ताविसाव्या-अठ्ठाविसाव्या शतकात जाऊन पडते. मधेच सगळ्यांचे गणवेश जुने दिसू लागतात, कारण चित्रीकरणाचा क्रम आणि प्रक्षेपणाचा क्रम वेगळा होता, आणि सर्वांत आधी चित्रित झालेला एक भाग 22 सप्टेंबर 1966 रोजी तिसरा म्हणून दाखवला गेला. तीन वर्षांत 79 भाग उभे करायचे, आठवड्याला नवा ग्रह दाखवायचा, आणि समोरचा प्रेक्षक तो भाग एकदा, फार तर दोनदा पाहणार. घरोघरी मागे-पुढे करून, चित्र थांबवून पाहण्याची सोय कोणाकडे होती?

खानची आणखी एक चूक मात्र चूकच आहे, तेवढे मान्य करते. 1982च्या 'स्टार ट्रेक' चित्रपटात तो यानावरच्या चेकॉव्ह या अधिकाऱ्याला चेहऱ्यावरून ओळखतो, आणि चेकॉव्ह तर खानच्या भागानंतर, दुसऱ्या पर्वात मालिकेत आला. तोपर्यंत जुने भाग पुन्हा पाहून घेणे निर्मात्यांना अशक्य नव्हते.

पण चुकांहून मला त्यांच्यावर मारलेली ठिगळे जास्त खुपतात. साठच्या दशकात रंगभूषेला पैसे नव्हते म्हणून क्लिंगॉन हे परग्रहवासी सपाट कपाळाचे होते, 1979च्या चित्रपटात पैसे आले आणि कपाळावर उंचवटे आले, इतकी ही सरळ गोष्ट आहे. 1996मध्ये पुढच्या एका मालिकेत वॉर्फ या क्लिंगॉनला त्याच्याच सहकाऱ्यांनी याबद्दल विचारले तेव्हा तो म्हणाला की आम्ही परक्यांशी या विषयावर बोलत नाही, आणि विषय किती रुबाबात मिटला होता! तरीही 2005मध्ये आणखी एका मालिकेचे दोन अख्खे भाग खर्चून विषाणू, जनुके आणि रोगराई असे स्पष्टीकरण उभे केले. कोणासाठी? आज माझ्या भाच्याने पाठवले तसले व्हिडिओ करणाऱ्यांची तोंडे बंद करण्यासाठीच ना?

लिहिता लिहिता राग थोडा उतरला आहे, म्हणून बाबांची उरलेली गोष्ट सांगते. त्या रविवारी काकूंकडून निघून जिना उतरताना ते बराच वेळ गप्प होते आणि मग आपणच म्हणाले, "कामाला काढलेली असेल गं. आमच्याकडं पण असते की मदतीची गाडी, पण नेमकं त्याच रात्री तिचं इंजिन खाली उतरवलेलं असतं. मग आम्ही काय करतो, तिकडं निरोप धाडतो की शेकोटी करा, येतोय."

पुढे कितीतरी वर्षांनी मी वाचले की ट्रान्सपोर्टरची कल्पनाच मुळी दर आठवड्याला यान ग्रहावर उतरवून दाखवणे परवडत नव्हते म्हणून निघाली. 'द एनिमी विदिन' 6 ऑक्टोबर 1966 रोजी प्रक्षेपित झाला, पण त्याचे चित्रीकरण झाले तेव्हा शटल बांधूनच झालेले नव्हते. पूर्ण आकाराचे शटल नंतर तयार झाले, त्याचा खर्च एएमटी या खेळण्यातल्या प्रतिकृती विकणाऱ्या कंपनीने उचलला, आणि 17 नोव्हेंबर 1966 रोजी शटल पहिल्यांदा पडद्यावर आले. गाडी खरोखरच कामाला होती. हे सांगायला मी धावले असते, पण तोवर बाबा राहिले नव्हते.

भाच्याला मी अजून उत्तर पाठवलेले नाही. उद्या रविवार आहे. सकाळी नाश्त्याला ये, एवढेच कळवणार आहे, आणि तो आला की चहा बशीत ओतून 'द एनिमी विदिन' लावणार आहे.