लाइट पेटून राहिला ना, मग झालं!

तालुक्याला पत्रिका छापता, शेडमध्ये यूव्ही कोटिंगचं, म्हणजे पत्रिकेवरचं वार्निश यूव्ही किरणांनी वाळवणारं मशीन आहे आणि ते लवकर भंगारात घालायचंय? मग ऐका.

लॅम्प किती तास चालला ते मोजणाऱ्या अवर मीटरकडे बघू नका. लॅम्प साधारण 1000 तासांचा. त्यानंतरही जांभळा उजेड तसाच दिसतो, पण वार्निश वाळवणारे किरण उतरत जातात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणजे तुमच्यासाठी नाहीतच. पत्रिका एकमेकींना चिकटल्या की वार्निशवाल्याला शिव्या घाला.

ते किरण मोजणारा रेडिओमीटर घेऊ नका. अंगठा आहे ना घासून बघायला!

नवा लॅम्प तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटलेल्या हातानंच बसवा. बोटांचा तेलकटपणा तापून क्वार्ट्झच्या नळीत कायमचा मुरतो. मागच्या आठवड्यात मी एक लॅम्प काढला, त्यावर चार बोटं पांढरी उमटलेली. मालकाची सहीच.

शेजारी कापसाचं जिनिंग असेल तर तुमच्यासारखे भाग्यवान तुम्हीच. तुळशीचं लग्न झालं की इकडे पत्रिका सुरू, तिकडे रुई उडते. ब्लोअरची जाळी गच्च होऊ द्या. वारा नसला की नळी वाकते, रिफ्लेक्टर करपतो. मग मला फोन करा आणि वरून विचारा, "लाइट तर पेटून राहिला भाऊ, मंग बदलवायचा काहून?"

लाइन जाऊन आली की लगेच स्टार्ट दाबा. गरम लॅम्प पेटत नाही? पुन्हा दाबा.

आणि लॅम्पसमोरचा पत्रा काढूनच टाका, गार्डचा स्विच तारेनं बांधा. पोराला वाकून बेल्ट बघता येतो. मागच्या आठवड्यातल्या त्याच मशीनवरच्या पोरानं दिवसभर असाच बघितला. दिवसा काही झालं नाही. रात्री डोळ्यांत वाळू भरल्यासारखं झालं, उघडेनात. आईनं दुधाचे बोळे ठेवले. सकाळी मालक म्हणतो, "जागरण झालं असंल."

जागरण नाही राजेहो, डोळे भाजलेत त्याचे! वेल्डिंगवाल्याचे भाजतात तसेच. हे दुखणं काही तासांनी उठतं, म्हणून पोराला कळत नाही. तुम्हाला कळतं. तुमचा महिन्याचा खर्रा सोडला तर यूव्हीचा चष्मा येतो. ती तार तुम्ही स्वतः बांधली, मी गाठ ओळखतो.

पत्रा कुठाय विचारलं तर म्हणे गोठ्याच्या दाराला ठोकलाय. आधी तो काढून आणा. तोवर मी मशीनला हात लावत नाही.