म्हणे, स्पुत्निकची नक्कल!

चीनच्या पहिल्या उपग्रहाचं काम सांभाळणारे अभियंते सुन ज्यादोंग यांच्याबद्दल व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा दावा असा: ‘सुन ज्यादोंग मॉस्कोत शिकले, स्पुत्निकचा आराखडा घेऊन परतले आणि चीनने 1970 मध्ये तोच उडवला. तयार माल, म्हणून पहिल्या फटक्यात जमलं. तोही नुसता गाण्याचा डबा.’

मॉस्कोत ते शिकले, हे खरं. 1951 ते 1958, झुकोव्स्की हवाई दल अभियांत्रिकी अकादमीत, विषय विमानांचा. नकलेचा शिक्का मारायचाच असेल तर चीनच्या दोंगफंग-1 क्षेपणास्त्रावर मारा, ते सोव्हिएत आर-2 क्षेपणास्त्रावरूनच बेतलं होतं. पण चीनला मदत करणारे सोव्हिएत तज्ज्ञ 1960 मध्ये मायदेशी गेले आणि सुन यांच्याकडे उपग्रहाचं काम आलं 1967 मध्ये.

दोन्ही यंत्रं शेजारी ठेवा. सोव्हिएत संघाचा पहिला उपग्रह स्पुत्निक 83.6 किलोचा गुळगुळीत गोळा. चीनचा पहिला उपग्रह दोंगफांगहोंग-1 हा 173 किलोचा, 72 पैलूंचा. स्पुत्निकचं रॉकेट केरोसीन आणि द्रवरूप ऑक्सिजनवर चालणारं, कडेला चार बूस्टर. चिनी उपग्रह नेणाऱ्या लाँग मार्च-1 रॉकेटचे टप्पे एकावर एक: खालचे दोन नायट्रिक आम्ल आणि यूडीएमएच या द्रव इंधनावर, तिसरा घन इंधनाचा. शिवाय रॉकेटची धुरा रेन शिनमिन यांच्याकडे होती, सुन यांच्याकडे नव्हे.

गाण्याचा डबा? उपग्रह कक्षेतून गाण्याची धून ऐकवत होता, हे खरं. पण वेळेत उडावा म्हणून सुन यांनी वैज्ञानिक उपकरणं जाणूनबुजून वगळली. उपकरणांवर लोकांनी डकवलेले माओंचे बिल्लेही वजन वाढवतात, हे त्यांनी थेट पंतप्रधान चौ एन लाय यांच्या कानावर घातलं. (1969 मध्ये, माओंच्या सांस्कृतिक क्रांतीच्या काळात, हे बोलायला छाती लागत होती.) जेमतेम मीटरभराचा उपग्रह जमिनीवरून नुसत्या डोळ्यांना दिसेना, म्हणून रॉकेटच्या तिसऱ्या टप्प्याला धातूचा मुलामा दिलेल्या कापडाचा घडीचा घेर बांधला, कक्षेत टप्पा गरगरला की तो उलगडायचा. लोकांनी पाहिला तो बहुधा हा घेरच. बॅटरी 20 दिवसांसाठी होती, चालली 28 दिवस.

आणि ‘पहिल्या फटक्यात’? लाँग मार्च-1 ज्यावरून घडलं त्या दोंगफंग-4 क्षेपणास्त्राचं नोव्हेंबर 1969 मधलं पहिलंच उड्डाण फसलं. 5 नोव्हेंबर 1974 ला तर सुन यांचा परतीचा उपग्रह घेऊन निघालेलं लाँग मार्च-2 सुमारे 20 सेकंदांत डोलू लागलं आणि नष्ट झालं. वाळवंटातली वाळू चाळून तुकडे गोळा केले, तेव्हा एक वायर सापडली: वरचं आवरण शाबूत, आतलं तांबं तुटलेलं. जमिनीवर तपासताना टोकं एकमेकांना टेकत, म्हणून जोडणी ठीक दिसे. उड्डाणाच्या थरथरीत ती सुटली आणि रॉकेट किती डोलतंय ते मोजणाऱ्या जायरोचा संदेश नियंत्रण यंत्रणेपर्यंत पोचलाच नाही. पुढचं रॉकेट 26 नोव्हेंबर 1975 ला उडालं, उपग्रह तीन दिवसांनी जमिनीवर परतला.