‘इतक्या वर्षांनी काही होत नाही’ : धर्मगुरूंच्या अत्याचाराबद्दल फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

‘एका ज्येष्ठ वकिलांचा मोलाचा सल्ला’ अशा मथळ्याचा एक मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. वकिलांचं नाव कुठेच नाही. मजकुराचा सारांश असा: महाराज, बाबा, फादर किंवा मौलाना यांनी लैंगिक अत्याचार केला असेल आणि तीन वर्षांत तक्रार झाली नसेल, तर मुदत संपते. आधी मठाकडे, ट्रस्टकडे किंवा बिशपकडे जायला हवं. मुलगी स्वतःच्या पायाने जात होती, तर गुन्हा बनत नाही. मेडिकल नाही म्हणजे पुरावा नाही. केस केली की नाव पेपरात येतं, आणि आरोपी सुटला तर तक्रारदारच आत जातो. तेव्हा बसून मिटवा.

यात अर्धवट खऱ्या गोष्टी आहेत, म्हणूनच तो लोकांना पटतो. एकेक मुद्दा घेऊ.

‘तीन वर्षांत तक्रार नाही, तर केस नाही’

ही तीन वर्षं हवेतून आलेली नाहीत. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४६८ मध्ये ती होती आणि आता भारतीय नागरी सुरक्षा संहितेच्या कलम ५१४ मध्ये आहेत. पण हे कलम काय म्हणतं ते मेसेजवाल्याने वाचलेलं दिसत नाही. ज्या गुन्ह्याला जास्तीत जास्त तीन वर्षांपर्यंत कैद आहे, त्यालाच ही मुदत लागते. त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्याला मुदतच नाही. बलात्काराला नाही. पोक्सोमधल्या, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्यातल्या, लैंगिक हल्ल्याच्या कलमांनाही नाही, कारण त्यातल्या सर्वात सौम्य कलमाची कमाल शिक्षासुद्धा पाच वर्षं आहे.

कागदावरचं सोडा, कोर्टात काय झालं ते बघा. आसारामविरुद्ध सुरतच्या एका माजी शिष्येने २०१३ मध्ये फिर्याद दिली. तिने सांगितलेल्या घटना २००१ ते २००६ मधल्या होत्या. गांधीनगरच्या सत्र न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये त्याला जन्मठेप सुनावली. मुलगा नारायण साई याला सुरतच्या कोर्टाने २०१९ मध्ये जन्मठेप दिली. त्यातही घटना आणि फिर्याद यांच्यात बरीच वर्षं गेली होती. डेरा सच्चा सौदाच्या गुरमीत राम रहीमवरचं प्रकरण २००२ मधल्या एका निनावी पत्रातून सुरू झालं. पंजाब-हरियाणा हायकोर्टाने त्याची स्वतःहून दखल घेतली, तपास सीबीआयकडे गेला आणि २०१७ मध्ये वीस वर्षांची शिक्षा झाली. पंधरा वर्षं लागली हे खरं. पण ‘मुदत संपली’ असं कोणत्याही कोर्टाने म्हटलं नाही.

आता मेसेजमधला खरा भाग. कोणता कायदा लागेल ते घटना कधी घडली यावर ठरतं. पोक्सो १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू झाला. त्याआधीच्या घटनांना तो लावता येत नाही, जुनी दंड संहिता लागते. फेब्रुवारी २०१३ पूर्वी विनयभंगाला जास्तीत जास्त दोन वर्षांची शिक्षा होती. त्यामुळे २००५ मधला निव्वळ विनयभंग आज मुदतीत अडकू शकतो. उशिराचं कारण पटलं किंवा न्यायाच्या दृष्टीने गरज वाटली तर तो माफ करण्याचा अधिकार कोर्टाला आहे, पण त्याची हमी कोणी देऊ नये. पोक्सोमधल्या लैंगिक छळाच्या, म्हणजे स्पर्श न करता केलेल्या चाळ्यांच्या कलमालाही कमाल शिक्षा तीनच वर्षं असल्यामुळे तिथे वाद निघू शकतो. कामाच्या ठिकाणच्या छळाची तक्रार समितीकडे तीन महिन्यांत करावी लागते, वाढवून आणखी तीन. नुकसानभरपाईचा दिवाणी दावा करायचा तर अल्पवयीन व्यक्तीला साधारणपणे अठरा पूर्ण झाल्यावर फार तर तीन वर्षं मिळतात.

मुलग्यांचंही वेगळं आहे. लहान मुलाला पोक्सो मुलीइतकंच संरक्षण देतो. गोवंडीतल्या एका चर्चच्या फादरला तेरा वर्षांच्या मुलावरच्या अत्याचारासाठी मुंबईच्या विशेष न्यायालयाने २०२१ मध्ये जन्मठेप सुनावली. पोक्सोपूर्वीच्या घटनांना दंड संहितेचं जुनं कलम ३७७ (अनैसर्गिक संभोगाचं) लावता येतं. पण सज्ञान पुरुषावर १ जुलै २०२४ नंतर असा अत्याचार झाला, तर भारतीय न्याय संहितेत ३७७ च्या जागी काहीच ठेवलेलं नाही. ही पोकळी संसदेने केलेली आहे आणि तिची चर्चा व्हायला हवी तेवढी होत नाही.

मुदतीचा हा घोळ काही प्रमाणात अमेरिकेतल्या बातम्यांमुळेही असावा. तिथे चर्चविरुद्धच्या भरपाईच्या दाव्यांना खरोखर मुदत आडवी येत होती. म्हणून न्यूयॉर्कने २०१९ मध्ये आणि कॅलिफोर्नियाने २०२० मध्ये जुन्या दाव्यांसाठी काही काळापुरती दारं उघडली. लॉस एंजेलिसच्या आर्चडायोसिसने (कॅथलिक धर्मप्रांताने) २०२४ मध्ये मान्य केलेली ८८ कोटी डॉलरची तडजोड त्याच वाटेने आली. आपल्याकडे परिस्थिती उलटी आहे: फौजदारी दार उघडं, दिवाणी दार अरुंद.

‘आधी संस्थेकडे जावं, तीच रीत आहे’

मेसेजमधला सर्वात घातक सल्ला हाच.

पीडित व्यक्ती मूल असेल तर पोक्सोच्या कलम १९ प्रमाणे माहिती असणाऱ्या प्रत्येकाने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणं हा कलम २१ खाली गुन्हा आहे, आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाबद्दल माहिती दडवली तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. कायद्याचे शब्द ‘कोणत्याही नावाची संस्था’ असे आहेत. मठाधिपती, विश्वस्त, बिशप, मदरशाचे मुख्य, कोणालाही सूट लिहिलेली नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्यात वसतिगृहातल्या आदिवासी मुलींवरच्या अत्याचाराची माहिती पोलिसांना न दिल्याचा आरोप एका डॉक्टरवर होता. नागपूर खंडपीठाने त्याच्यावरचा गुन्हा रद्द केला होता. सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२२ मध्ये तो निकाल फिरवला. म्हणजे ‘आम्ही अंतर्गत चौकशी करतोय’ म्हणणारा विश्वस्त तुमच्यावर उपकार करत नसतो. तो स्वतः आरोपी होण्याच्या वाटेवर असतो.

संस्थेची चौकशी होऊ नये असं नाही. कॅथलिक चर्चमध्ये २०१९ पासून पोपच्या आदेशाने तक्रार वर कळवण्याची अंतर्गत पद्धत आहे. ती फादरचा झगा काढू शकते, त्याला तुरुंगात टाकू शकत नाही. सार्वजनिक न्यासाच्या बाबतीत धर्मादाय आयुक्तांकडे अर्ज करून विश्वस्ताला हटवण्याची मागणी करता येते. हे सगळं पोलिसांच्या जोडीला करावं, त्यांच्या ऐवजी नको.

आणखी एक व्यावहारिक कारण आहे. संस्थेला लिहिलेलं प्रत्येक पत्र पुढे उलटतपासणीत समोर येतं. माणूस वरिष्ठांना लिहिताना संकोचाने निम्मंच लिहितो, पोलिसांना पूर्ण सांगतो, आणि बचावाचा वकील दोन्ही कागद शेजारी ठेवून विचारतो, ‘मग तेव्हा हे का नाही लिहिलंत?’ केरळमधल्या एका ननवरच्या बलात्काराच्या आरोपातून बिशप फ्रँको मुलक्कल यांची कोट्टयमच्या कोर्टाने जानेवारी २०२२ मध्ये निर्दोष मुक्तता केली, तेव्हा ननने वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या लोकांना सांगितलेल्या गोष्टींतल्या विसंगतींवर कोर्टाने बोट ठेवलं. त्या निकालावर अपील झालं. पण त्यातून शिकायचं ते हे की पहिला सविस्तर जबाब शक्यतो पोलिसांपुढे किंवा दंडाधिकाऱ्यांपुढे व्हावा, आणि त्याआधी वकिलाशी बोलणं व्हावं.

पोलीस ठाण्यात गेल्यावर ‘ही घटना आमच्या हद्दीत नाही’ असं ऐकू आलं तर परत फिरू नका. गुन्हा कुठेही नोंदवता येतो, शून्य क्रमांकाने (झीरो एफआयआर), आणि मग तो योग्य ठाण्याकडे पाठवला जातो. आसारामचं पहिलं प्रकरण जोधपूरजवळच्या आश्रमातलं, आणि फिर्याद नोंदली गेली दिल्लीच्या कमला मार्केट ठाण्यात, ऑगस्ट २०१३ मध्ये. मूल असेल तर जबाब घरी घेता येतो. अधिकारी शक्यतो महिला आणि गणवेशात नसलेली. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका. तरीही नोंदवत नसतील तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज, तिथेही नाही तर दंडाधिकारी. बलात्काराचा गुन्हा न नोंदवणाऱ्या पोलिसालाच दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. ठाणे अंमलदाराला हे शांतपणे आठवून दिलं की बऱ्याचदा पेन सापडतं.

‘स्वतःच्या पायाने जात होती’

अठराच्या आत संमतीचा प्रश्नच येत नाही. शिवाय धार्मिक संस्थेच्या व्यवस्थापनातल्या किंवा कर्मचारी वर्गातल्या माणसाने तिथल्या मुलावर केलेला बलात्कार पोक्सोत ‘गंभीर’ प्रकारात येतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान वीस वर्षं.

सज्ञान बाईच्या बाबतीतही कायदा मेसेजपेक्षा शहाणा आहे. विश्वासाच्या किंवा अधिकाराच्या स्थानावरच्या माणसाने बलात्कार केला तर किमान दहा वर्षं, आणि अशा खटल्यात संबंध सिद्ध झाले व बाईने ‘माझी संमती नव्हती’ असं साक्षीत सांगितलं, तर कोर्ट ती नव्हती असंच गृहीत धरतं. उलट सिद्ध करण्याचं ओझं आरोपीवर. बलात्काराच्या व्याख्येत न बसणारा, पण अधिकार वापरून भुलवून ठेवलेला संबंधही वेगळा गुन्हा आहे, पाच ते दहा वर्षांचा. आणि महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आहे. ‘माझ्यात दैवी शक्ती आहे’, ‘मागच्या जन्मी तू माझी बायको होतीस’, ‘मूल होईल’ असं सांगून ठेवलेले संबंध त्याच्या अनुसूचीत जवळजवळ याच शब्दांत आहेत. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर ज्याचा वटहुकूम निघाला तोच हा कायदा. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, गुन्हा अजामीनपात्र. इतकं नेमकं कलम हाताशी असताना ते लावायला तपास अधिकाऱ्याला वकिलाने आठवण करून द्यावी लागते, हे दुर्दैव.

‘मेडिकल नाही, साक्षीदार नाही’

दहा वर्षांपूर्वीच्या घटनेचं मेडिकल असणारच नाही, आणि कोर्टालाही ते माहीत असतं. विश्वासार्ह वाटली तर एकट्या पीडितेच्या साक्षीवर शिक्षा होऊ शकते, हे सुप्रीम कोर्टाने १९९६ च्या गुरमीत सिंग निकालात सांगितलं. घराण्याच्या अब्रूच्या विचाराने तक्रारीला उशीर होतो, हेही त्यातच आहे. तरी जुळवता येईल ते जुळवा: आश्रमातल्या मुक्कामाची नोंद, देणगीच्या पावत्या, शिबिराचे फोटो, जुने मेसेज, आणि ज्या मैत्रिणीला किंवा बहिणीला सर्वात आधी सांगितलं तिचं नाव. मोबाइल विकू नका, फॉरमॅट करू नका.

‘नाव पेपरात येईल’

पीडितेची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत शिक्षेचा. बलात्काराचे आणि पोक्सोचे खटले बंद दाराआड चालतात. मात्र स्वतः फेसबुकवर सगळं लिहून टाकण्याआधी थांबा. पोलिसांकडे सद्‌भावनेने केलेल्या तक्रारीला बदनामीच्या कलमात अपवाद आहे, जाहीर पोस्टला तेवढं कवच नाही, आणि भक्तमंडळींचे वकील नोटीस पाठवायला तयारच बसलेले असतात.

भीती नावापुरतीच नसते, हे मान्य. आसारामच्या खटल्यांतल्या साक्षीदारांवर हल्ले झाले, काहींचे खून झाले. त्यातल्याच एका साक्षीदाराच्या याचिकेवर सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०१८ मध्ये साक्षीदार संरक्षण योजना देशभर लागू केली. अर्ज जिल्हा व सत्र न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे जातो. आरोपीचे अनुयायी दारात येऊन बसत असतील तर तारखेची वाट न पाहता तो करावा.

‘बसून मिटवा’

बलात्कार आणि पोक्सोचे गुन्हे तडजोडीने मिटत नाहीत. राजस्थानातल्या एका शिक्षकावरचा पोक्सोचा गुन्हा पालकांच्या तडजोडीवरून हायकोर्टाने रद्द केला होता. सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा जिवंत केला. केरळमधल्या कोट्टियूरच्या, फादरने अल्पवयीन मुलीवर केलेल्या बलात्काराच्या प्रकरणात तर पीडितेने कोर्टात साक्षच फिरवली. तरी तिच्या वयाचा जन्मदाखला आणि बाळाचा डीएनए यांच्या जोरावर फादरला शिक्षा झाली, वीस वर्षांची, जी हायकोर्टाने पुढे दहावर आणली. शिक्षा कमी होण्याआधी पीडितेशी लग्न करण्यासाठी त्याने जामीन मागितला, तो सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये नाकारला. मिटवण्याच्या बैठकीत कोणी स्टॅम्पपेपर पुढे सरकवला तर सही करू नका. जमलं तर त्याचा फोटो काढा.

‘सुटला तर तुम्हीच आत’

निर्दोष सुटणं म्हणजे तक्रार खोटी ठरणं नव्हे. पोक्सोत खोट्या तक्रारीची शिक्षा फक्त मुद्दाम, द्वेषाने केलेल्या तक्रारीला आहे, आणि मुलाला तर कोणत्याच परिस्थितीत नाही. आरोपी सुटला तर पीडितेला स्वतः अपील करता येतं. जामिनाच्या वेळीही तिचं म्हणणं ऐकावं लागतं.

राहिला पैशाचा प्रश्न. स्त्रिया आणि मुलं यांना उत्पन्न कितीही असलं तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन १५१००, मुलांसाठी १०९८. खटला सरकारी वकील चालवतात, पण स्वतःचा वकील त्यांच्या मदतीला देता येतो. महाराष्ट्रात पीडितांना आर्थिक मदत देणाऱ्या मनोधैर्य योजनेचा अर्जही याच प्राधिकरणाकडे जातो. त्यासाठी निकालापर्यंत थांबावं लागत नाही. पोक्सोच्या २०२० च्या नियमांप्रमाणे एफआयआरनंतर कधीही अंतरिम भरपाई मागता येते, आणि मुलाचं नुकसान झालं असं कोर्टाला वाटलं तर आरोपी सुटला किंवा सापडलाच नाही तरीसुद्धा भरपाई देता येते.