खेळायला की कामाला?

भाचीने शाळेच्या हॉकी संघात नाव दिलं, तेव्हा सगळ्यात जास्त नाचलो मी. खडकीत वाढलेल्या माणसाचं दुसरं काय होणार? धनराज पिल्ले आमच्या खडकीचा, म्हणजे घरचाच. स्टिक मामा घेणार, असं परस्पर जाहीर करून काल खेळाच्या सामानाच्या एका दुकानात शिरलो.

"हॉकी स्टिक दाखवा."

दुकानदाराने माझा चष्मा, माझं पोट आणि हातातली कोथिंबिरीची पिशवी न्याहाळली. मग आवाज खाली आणून म्हणाला, "खेळायला की... कामाला?"

"खेळायला."

गडी जरा हिरमुसला. शेजारी कॅरमची पावडर घ्यायला आलेले एक काका मात्र सरसावून पुढे आले.

"भाडेकरू का?"

"कोण?"

"जागा सोडत नसेल, तो. आमच्या साडूनेही अशीच घेतली होती. वापरावी नाही लागली हो. नुसती दाराआड उभी केली. महिन्यात जागा रिकामी!"

"भाचीसाठी घेतोय."

"हां, मुलींकडे तर असावीच आजकाल."

आता गप्प बसायचं, तर मी हॉकीवेडा कसला? स्टिक हातात घेऊन सांगू लागलो, "काका, ही बाजू सपाट, ही गोलसर. चेंडू सपाट बाजूनेच मारायचा, पाठ लागली की फाऊल. आणि डावखुऱ्यांसाठी वेगळी स्टिक नसते."

काकांनी गोलसर बाजूवरून अंगठा फिरवला. "पण बसायला हीच बरी."

"अहो, बसायला नाही! पॅरिसला अमित रोहिदासची स्टिक ब्रिटनच्या खेळाडूच्या तोंडाला लागली, तर थेट रेड कार्ड! चाळीसहून जास्त मिनिटं आपली दहाच माणसं लढली. शूटआउटला आपला गोलकीपर श्रीजेश उभा राहिला म्हणून—"

"म्हणजे लागली ना?" काका दुकानदाराकडे वळले. "बघा. ऑलिंपिकमध्येसुद्धा!"

वर म्हणतात कसे, "राष्ट्रीय खेळ आहे शेवटी आपला." तोही नाही हो! 2012 मध्ये माहितीच्या अधिकारात कुणीतरी विचारलं, तर सरकारनेच कळवलं की असा कुठलाही खेळ जाहीर केलेला नाही. ऑलिंपिकची आठ सुवर्णपदकं, 1975 च्या विश्वचषकात पाकिस्तानविरुद्ध अशोककुमारचा तो गोल, आणि पदरात काय, तर हे. 1976 ला मॉन्ट्रियल ऑलिंपिकला कृत्रिम टर्फ आलं आणि आपण सातवे आलो. जग टर्फवर गेलं, आपली पोरं पुढे वर्षानुवर्षं गवतावरच घासत राहिली, तेव्हा हे राष्ट्रप्रेमी काका कुठे होते? 2021 ला टोकियोत 41 वर्षांनी पदक मिळालं, तर सोसायटीच्या ग्रुपवर पाच मिनिटं तिरंगे फडकले आणि सहाव्या मिनिटाला पाण्याच्या टँकरवरून भांडण. त्या दिवशी लोक माझं असं अभिनंदन करत होते, जणू गोल मीच मारलाय. एरवी हेच लोक विचारतात, "अजून असते का हो हॉकी?" असते! तुम्ही चॅनल बदलता.

हे सगळं काकांना सुनवावं असं फार वाटलं. पण ते स्टिक पेलून बघत होते आणि माझ्या गुडघ्यापासून त्यांचं अंतर फार नव्हतं.

"चेंडू द्या एक," मी दुकानदाराला म्हणालो.

"चेंडू?"

"हॉकीचा."

त्याने पोऱ्याला माळ्यावर चढवलं. धूळ खाली आली, एक फाटका बॉक्सिंग ग्लोव्ह आला, चेंडू काही आला नाही. भिंतीला डझनभर स्टिका टांगलेल्या आणि दुकानात चेंडू एकही नाही!

"स्टिक नेणारे चेंडू मागत नाहीत हो," तो म्हणाला आणि क्रिकेटचा लाल सीझन बॉल पुढे सरकवला. "हा न्या. वजनाला सारखाच."

सणसणीत काहीतरी बोलायला मी तोंड उघडलं. पण हॉकीचा चेंडू 156 ते 163 ग्रॅमचा, आणि क्रिकेटचाही जवळपास तेवढाच. आयुष्यभराच्या भक्तीने हे तोंडपाठ करून ठेवलंय, त्यामुळे तोंड तसंच मिटावं लागलं.

"घ्या हो," काका माझ्या खांद्यावर थोपटत म्हणाले. "काठी तर मिळाली ना?"