मांड्या गळतात म्हणजे बी-१२ कमी? फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

नाशिकमधल्या ग्रुपांवर हा मेसेज फिरतोय: "जिना चढताना मांड्या गळतात, खुर्चीतून उठताना हात टेकावे लागतात? बी-१२ कमी आहे, इंजेक्शनं घ्या. फुफ्फुसाच्या कॅन्सरशी याचा संबंध नाही, त्यात आधी खोकला येतो. एक्स-रे साफ असेल तर निश्चिंत राहा. आणि कॅन्सर असताना पाय गेले तर तो पसरलाय, उपचारांवर पैसा घालवू नका." यातलं शेवटचं वाक्य सर्वांत घातक आहे, पण क्रमाने घेऊ.

बी-१२ कमी असलं की बहुधा मुंग्या येतात, तळवे बधिर होतात, अंधारात तोल जातो. डी जीवनसत्त्वाच्या कमतरतेने मांड्या खरंच कमजोर होतात, म्हणून दोन्हींची रक्ततपासणी जरूर करा, पण इंजेक्शन घेण्याआधी. मुंग्या नाहीत, तरी रामकुंडाच्या पायऱ्या चढताना कुणाचा तरी हात धरावा लागतो, जोडीला तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतो, पुरुषांत लैंगिक दुर्बलता येते, तर लॅम्बर्ट-ईटन सिंड्रोमचा, म्हणजे नसांकडून स्नायूंना संदेश नीट न पोहोचण्याच्या आजाराचा, विचार व्हायलाच हवा.

या आजाराचं वर्णन १९५६ पासून वैद्यकात आहे. नसेच्या टोकाशी कॅल्शियम आत शिरलं की अॅसिटिलकोलिन हे संदेश नेणारं रसायन बाहेर पडतं आणि स्नायू आकुंचन पावतो. स्मॉल सेल या फुफ्फुसाच्या कॅन्सर-प्रकाराच्या पेशींवरही तशीच कॅल्शियमची दारं असतात. शरीर गाठीविरुद्ध अँटीबॉडी तयार करतं आणि त्याच अँटीबॉडी नसांवरची दारं निकामी करतात. साधारण निम्म्या रुग्णांत मागे हा कॅन्सर सापडतो, उरलेल्यांत बहुधा कॅन्सर नसतो. म्हणून निदान ऐकताच हातपाय गाळण्याचं कारण नाही, पण शोध मात्र पूर्ण घ्यायचा.

खोकला आधी येतो, हे इथे लागू पडत नाही. अशक्तपणा बऱ्याचदा कॅन्सर सापडण्याच्या कित्येक महिने आधी सुरू होतो. गाठ लहान असते, किंवा छातीच्या मध्यभागी हृदयाच्या सावलीत लपलेली असते, त्यामुळे साध्या एक्स-रेत दिसत नाही. आधी छातीचा सीटी स्कॅन, तो साफ आला तर पेट-सीटी, तोही साफ असेल तर दर ३ ते ६ महिन्यांनी पुन्हा, निदानापासून २ वर्षं. वय ५० च्या वर, बिडी-सिगारेट चालू, ३ महिन्यांत ५ टक्के वजन घटलेलं, गिळायला-बोलायला त्रास, लैंगिक दुर्बलता: यांतल्या तीन-चार गोष्टी जुळल्या तर कॅन्सरची शक्यता फार मोठी. सिन्नरसारख्या बिडीच्या गावात तर हा प्रश्न डॉक्टरांनी आधी विचारावा.

निदान चुकतं ते तपासणी अर्धी झाल्याने. नुसती एनसीव्ही (नसेतून विजेचा संदेश किती वेगाने जातो ती तपासणी) केली तर स्नायूचा प्रतिसाद बारीक दिसतो आणि रिपोर्टवर 'न्यूरोपॅथी', म्हणजे नसांचा आजार, लिहून येतं. चिठ्ठीवर 'आरएनएस, १० सेकंद जोर लावण्याआधी आणि नंतर' असं स्पष्ट हवं; आरएनएस म्हणजे नसेला पुन्हा पुन्हा विजेचा हलका झटका देऊन स्नायूचा प्रतिसाद मोजणं. हात-पाय गार नकोत. १० सेकंद पूर्ण ताकद लावल्यावर लगेच घेतलेला प्रतिसाद दुपटीहून मोठा झाला, तर निदान जवळपास पक्कं. गुडघ्याचा रिफ्लेक्सही (हातोडी मारली की पाय उडणं) असाच: आधी मिळत नाही, मांडी १० सेकंद आवळली की उमटतो. हातोडी प्रत्येक दवाखान्यात असते, तरी ही साधी तपासणी राहून जाते याचं वाईट वाटतं. सोबत पी/क्यू कॅल्शियम चॅनेल (वर सांगितलेली कॅल्शियमची दारं) अँटीबॉडीची रक्ततपासणी करावी.

आता 'पसरलाय' या दाव्याबद्दल. हा अशक्तपणा अँटीबॉडीमुळे येतो, गाठ नसांत शिरल्यामुळे नाही. केमो आणि रेडिएशनने गाठ आकसली की ताकदही बऱ्याचदा परतते. तोवर अॅमिफाम्प्रिडीन या औषधाने आधार मिळतो, मात्र फिट्स येणाऱ्यांना ते देत नाहीत. अमिकॅसिन हे अँटिबायोटिक, शिरेतून दिलेलं मॅग्नेशियम आणि भुलीतली स्नायू सैल करणारी औषधं श्वास अडवू शकतात, म्हणून निदानाचा कागद खिशात ठेवा आणि भूल देणाऱ्यांना आधी दाखवा.

एक अपवाद आहे. कॅन्सरच्या रुग्णाला पाठ दुखून पाय अचानक लुळे पडले, कमरेखाली बधिरपणा आला किंवा लघवी अडली, तर मज्जारज्जूवर दाब आलेला असू शकतो. तेव्हाही उपचार सोडायचे नसतात. त्याच दिवशी एमआरआय आणि इस्पितळ, कारण चालणं वाचवायला काही तासच हातात असतात.