अपील म्हणजे पळवाट नव्हे

कुणी वरच्या कोर्टात निर्दोष सुटलं की लगेच ऐकू येतं, "तांत्रिक मुद्द्यावर सुटले." अशा वेळी मला नाशिकचा एक खटला आठवतो आणि संताप येतो.

जून २००३. नाशिकजवळ शेतातल्या झोपडीत राहणाऱ्या कुटुंबावर रात्री दरोडा पडला. पाच खून, बलात्कार. ऐकवत नाही इतकं क्रूर. पोलिसांनी भटक्या जमातीतले सहा गरीब मजूर पकडले. २००६ मध्ये सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. वर्षभराने उच्च न्यायालयाने त्यातल्या तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांनाही परत फाशी सुनावली. तीन कोर्टं झाली, सहाही जण दोषीच.

मग २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःचाच निकाल मागे घेतला आणि अपिलं नव्याने ऐकली. ५ मार्च २०१९ रोजी न्या. सिक्री, न्या. नझीर आणि न्या. शाह यांनी सहाही जणांना निर्दोष सोडलं.

कशावरून? हल्ल्यातून वाचलेल्या बाईंनी घटनेनंतर लगेचच पोलिसांच्या अल्बममधले फोटो पाहून चार जणांना ओळखलं होतं. या सहांपैकी त्यात एकही नव्हता! त्या चौघांवर खटला भरला गेला नाही, त्यांचा धड तपासही झाला नाही. पुढे ओळख परेड झाली, म्हणजे संशयितांना रांगेत उभं करून साक्षीदाराला ओळखायला लावलं, आणि त्या परेडवर सहा जणांचे जीव टांगले गेले. आता सांगा, यात तांत्रिक काय आहे? पहिला जबाब कुणाचा, परेड कधी आणि कशी झाली, सरकारी पक्षाने कोणता कागद दाबून ठेवला, हे विचारल्याशिवाय खरा गुन्हेगार कोण ते कळणार कसं? उलटतपासणीला चांगला वकील मिळणं ही गरिबासाठी चैन नाही, जगण्या-मरण्याची गोष्ट आहे.

आणि हो, त्या सहांमधला एक जण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता. हेही सिद्ध झालं ते फाशी सुनावल्यावर.

"पीडितांचं काय?" असं विचारणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे की या तपासाने सर्वांत मोठा घात त्या बाईंचाच केला. त्यांनी बोट दाखवलेली माणसं मोकळीच राहिली.

न्यायालयाने प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई द्यायला लावली आणि चुका करणाऱ्या तपास अधिकाऱ्यांवर कारवाई करायला सांगितलं. ती कारवाई नेमकी कुणावर आणि काय झाली, हे सरकारने जाहीरपणे सांगावं, अशी माझी मागणी आहे.